लक्ष कुठंय तुझं?

एडीएचडी असलेलं मूल घरात असलं की किस्से आपोआप साठत जातात, इस्त्रीच्या कपड्यांसारखे. लोक ऐकून हसतात. आम्हीही हसतो, पण दमून! आमची मृण्मयी आता कॉलेजात आहे, आणि ढीग काही कमी होत नाही.

*

बारावीच्या बोर्डाची सकाळ. हॉल तिकीट गायब! माझा नवरा संजय कोयलीच्या रिफायनरीत आहे. तो शिफ्टची बस सोडून पलंगाखाली शिरलेला. सासूबाई देवाला साकडं घालतायत. मी ऑफिस विसरून तिची सॅक फरशीवर उलटी करून बसलेली.

तिकीट सापडलं फ्रिजमध्ये, कोथिंबिरीच्या डब्याखाली!

"अगं, पाण्याची बाटली काढायला हात रिकामा नको का?" बाईसाहेबांचा खुलासा.

*

शाळेतली पेरेंट्स मीटिंग म्हणजे दरवर्षी तेच. गणिताच्या गुजराती बेन म्हणायच्या, "छोकरी होशियार छे, पण ध्यान नथी." हिंदीचे सर म्हणायचे, "होशियार है, लेकिन ध्यान नहीं है."

इंग्लिशच्या मॅडमनी "शी इज ब्राइट, बट..." म्हणून श्वास घेतला, तेव्हा मी म्हटलं, "पुढचं पाठ आहे मला, मॅडम!"

घरी आल्यावर ती रडायची. "आई, मी खरंच प्रयत्न करते गं." पण तीच मुलगी रांगोळी काढायला बसली की जेवायलासुद्धा उठायची नाही. मग कोण विश्वास ठेवणार?

*

शेवटी निजामपुऱ्यातल्या एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तिला, आम्हाला, खूप काही विचारलं. मग म्हणाले, "ती आळशी नाही. लक्ष आहे तिच्याकडं, पण ते कुठं लावायचं आणि कुठून काढायचं, हे तिच्या हातात नाही."

सासूबाई घरी म्हणाल्या, "लक्ष नसण्यालाही आता इंग्रजी नाव!"

डॉक्टरांनी विचारलं होतं, "घरात आणखी कुणाला असं आहे?" संजय पाय हलवत, पेन टकटकवत म्हणाला, "छे हो! आमच्यात कुणालाच नाही."

खाली पार्किंगमध्ये त्याला आठवलं, हेल्मेट वर राहिलं. धावत गेला, हेल्मेट घेऊन आला. आणि स्कूटरची चावी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवून आला!

*

गोळ्या सुरू झाल्या, काउन्सेलिंग सुरू झालं. फरक पडला, पण जादू झाली नाही.

परवा नवरात्रीच्या खरेदीला दोघी मांडवीच्या बाजारात गेलो. तिनं गरब्यासाठी हौसेनं चणियाचोळी घेतली. घरी जायला रिक्षात बसलो आणि कळलं, पिशवी कुठल्यातरी दुकानात राहिली. उतरलो. त्या गर्दीत, उन्हात, पुन्हा एकेक दुकान. पिशवी नाहीच मिळाली.

दुसऱ्या रिक्षात बसल्यावर माझा बांध फुटला. "थकले गं मी तुझ्याबरोबर! खरंच थकले!"

रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं. मृण्मयी रडली नाही, चिडलीही नाही. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली,

"आई, तू निदान ऑफिसला तरी जातेस. मला दिवसभर माझ्याबरोबरच राहावं लागतं."