जाळीपलीकडचे फादर

फादर म्हणजे निरोप पोचवणारा माणूस, अशी माझी पक्की समजूत होती. एकविशीत माणसाला अक्कल नसते असं नाही; मला नव्हती. महिन्याभरापूर्वी आमच्या वाकोल्याचे फादर इनास गेले, तेव्हा अंत्यदर्शनाच्या रांगेत तीच चूक आठवली आणि मी हसले. सून कोपराने ढोसत होती... ढोसू दे.

नवी नवरी होते. लोणच्याच्या लोभाने स्टुलावर चढले आणि उन्हाळ्यात कुटून वर्षभरासाठी भरलेल्या मसाल्याच्या बाटल्या खाली पाडून फोडल्या. सासूबाईंना बेधडक सांगितलं, "रेजिना होती तिथे." रेजिना माझी नणंद, लग्न तोंडावर आलेली. तिने बोलणी खाल्ली आणि माझ्याशी बोलणं टाकलं. माझं पाप कपाळावर घेऊन ती सासरी जाणार, या विचाराने माझा जीव खालीवर. पण खरं बोलायची छाती कुठे होती? मग शक्कल लढवली. कुमसाराला, म्हणजे पापांची कबुली द्यायला गेले, गुडघे टेकले आणि जाळीतून फादरना सगळं सांगून टाकलं. रविवारी ते आमच्याकडे जेवायला यायचेच होते. सासूबाईंना तेच गोड शब्दांत सांगतील, काम फत्ते!

रविवारी मी डोळ्यांनी खुणावून दमले. फादर पापलेटाच्या कालवणात दंग. कालवण तरी कसलं, समुद्राचं पाणी. घाबरून माझ्या हातून मीठ दोनदा पडलं असणार. त्यांनी मुकाट्याने पुन्हा वाढून घेतलं, रेजिनाला आशीर्वाद दिला आणि गेले.

दुसऱ्या दिवशी जाळीपाशी जाऊन मी त्यांनाच झापलं. "फादर, बोलला का नाहीत?"

"बाई, ही टपालपेटी नाही. इथे टाकलेलं कुठेच जात नाही. घरी तोंड तुलाच उघडावं लागेल."

उघडलं, सासूबाईंपाशी, रेजिनासमोर. सासूबाईंनी लग्नाच्या गर्दीत मला पुन्हा मसाला कुटायला बसवलं. रेजिना मात्र लग्नाला माझाच हात धरून चर्चमध्ये शिरली.

पुढे फादर भेटले की मी त्या खारट कालवणाची माफी मागायचे. ते म्हणायचे, "दोनदा घेतलं ना मी?" अख्ख्या वाकोल्याची पापं पोटात घेऊन हा माणूस बाजारात कोथिंबिरीसाठी घासाघीस करायचा, आणि कुणाकडे बघताना पापणीही हलायची नाही.

परवा रेजिनाबरोबर चर्चमध्ये गेले. जाळीची लाकडी चौकट तिथेच आहे, आमच्या बोटांनी गुळगुळीत झालेली. तिच्यावर हात ठेवून रेजिना म्हणाली, "वहिनी, त्या कालवणात मीठ मी ओतलं होतं गं. फादरना तेव्हाच सांगितलं होतं... मला वाटलं, ते तुला सांगतील."