फटके चौकाचा थांबा

घंटाबाईंचं खरं नाव बसमध्ये कुणी कधी विचारलंच नाही. नवऱ्याच्या मागे कंडक्टरची नोकरी लागली, तेव्हा त्या घंटेची दोरी अशी ओढायच्या, की ड्रायव्हरदादा म्हणाले, "बाई, गाडी सोडायचीय, देवाला उठवायचं नाहीये!" तेव्हापासून हेच नाव चिकटलं. आवाजही तसाच खणखणीत. मागच्या बाकावर घोरणारासुद्धा आपल्या थांब्याला बरोबर जागा व्हायचा. पाण्याची टाकी, जुनी गिरणी, फटके चौक, दवाखाना... डोक्यात घरच्या भाजीचा विचार असला तरी तोंड आपलं काम करत राही.

एके दिवशी डेपोत सूचना लागली. फटके चौकाला आता विणकर चौक म्हणायचं.

"नाव बदलून खड्डे बुजणारेत का?" घंटाबाई वैतागल्या. "पोरीला आजवर धाक घातला, ऐक, नाहीतर फटके चौकात नेऊन उभी करीन. आता काय विणकर चौकात नेऊ?"

"नेऊन बघा," दादा म्हणाले, "स्वेटर घालून परत येईल!"

त्यांच्या गाडीला रोज एक शिलाईवाल्या आजी असत. काखेत कपड्यांचं बोचकं, गुडघे धरलेले. कित्येक वर्षं त्या दवाखान्यापाशी उतरत. औषधाला जात असतील, असं घंटाबाईंना वाटे.

त्या दिवशी मात्र गिरणी मागे पडताच आजी उठल्या आणि दांडा धरून दाराशी आल्या. लग्नाला निघाल्यासारखं स्वच्छ लुगडं. डोळे घंटाबाईंच्या तोंडाकडे. आणि सवयीची जीभ बोलून गेली, "चला, फटके चौक!"

आजींचा चेहरा उतरला. त्या परत जागेवर जाऊन बसल्या.

"अहो आजी, उतरा की!"

"नको गं बाई. पुढेच उतरते, नेहमीसारखी."

गाडी सुटली. घंटाबाई त्यांच्या शेजारी टेकल्या. "राहता कुठं तुम्ही?"

"मागे गेलं ना, ते निळं दार."

"चौकातलं? मग दवाखान्यापासून उलटं चालत येता? या गुडघ्यांनी?"

"राजवाड्यासाठी फुकट विणणार नाही म्हणाले, म्हणून माझ्या पणजोबांना त्या चौकात खांबाला बांधून फटके मारले. आई म्हणायची, त्या नावानं पुकारलं तर आपण उतरायचं नाही. तिचे पाय गेले, पण उतरली नाही. काल नवी पाटी पाहिली. म्हटलं, आता उतरू." आजींनी त्यांचा हात थोपटला. "तुमचा दोष नाही. जिभेला वळण पडलेलं असतं."

घंटाबाईंनी मागे वळून चौकाकडे पाहिलं. आपण इतकी वर्षं घसा ताणून ओरडत होतो, आणि एक घर आपल्याच दारावरून न बोलता पुढे जात होतं.

संध्याकाळी कणीक मळताना त्या पुटपुटत होत्या. लेकीनं विचारलं, "कुणाशी बोलतेस?"

"जिभेशी. वळण लावतेय तिला."

"नाही ऐकलं तर ने तिला फटके..."

"ते नाव या घरात पुन्हा नको, बाळ." आईचा स्वर ऐकून लेकीनं पाण्याचा तांब्या तिच्यापुढे सरकवला.

दुसऱ्या दिवशी गिरणी गेली, तशी घंटाबाईंनी तिकिटं बाजूला ठेवली. आजी बाकावरच होत्या, बोचकं घट्ट धरून. आज त्या आधी उठल्या नव्हत्या. देवा, एवढ्यापुरता जिभेवर येऊन बस.

"विणकर चौक!" "चला आजी, विणकर चौक आला!"

आजी उठल्या. एक पायरी, मग दुसरी. पाऊल जमिनीला लागलं तशा क्षणभर तिथंच थांबल्या.

"अहो, घंटा द्या की!" मागून कुणी ओरडलं.

घंटाबाईंचा हात दोरीवर होता, पण ओढवेना. आजी निळ्या दाराशी पोचल्या, कुलूप निघालं, दार उघडलं. मग कुठं त्यांनी दोरी ओढली. इतकी हळू, की ड्रायव्हरदादांना मागे वळून विचारावं लागलं, "बाई, दिली का घंटा?"