नंबरवार लावलेला कॉम्प्युटर

स्वच्छतेमुळे घराचं किती नुकसान होऊ शकतं, हे शाळेत कोणी शिकवत नाही. मला ते नागपूरच्या लकडगंजात, भर मे महिन्यात, माझ्या धाकट्या बहिणीच्या कॉम्प्युटरनं शिकवलं. (कॉम्प्युटर तिचा नव्हता, हे तर आणखी वाईट.)

गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या अखेरची. आमची टाल, लाकडाची छोटी वखार, होती, तिला लागून आरामशीन, म्हणजे लाकूड चिरायची गिरणी, आणि आरामशीनच्या मागच्या भिंतीला टेकून आमचं घर. त्यामुळे भुसा आमच्याकडे सगळीकडे असे. अंथरुणात, वरणात, बाबांच्या भुवयांत. चहावर काही तरंगताना दिसलं की पाहुण्यांना ती वेलचीची पूड वाटायची, आणि आम्ही त्यांचा गैरसमज दूर करत नसू.

अशा घरात कॉम्प्युटर आला. माझी बहीण नलिनी बर्डीवरच्या टायपिंग क्लासात पहिली आली होती. शहरात ढोबळे सर नावाचे एक गृहस्थ कॉम्प्युटरचा क्लास काढत होते. (आधी ते सिमेंटचे पाइप विकत.) नलिनीला शिकवायला ठेवायचं त्यांनी जवळजवळ ठरवलं होतं. क्लासच्या खोलीचं प्लास्टर अजून ओलं होतं, म्हणून एक मशीन त्यांनी सरावासाठी आमच्याकडे पाठवली आणि निरोप दिला, "रविवारी येऊन बघतो. पोरीचा हात बसला असेल आणि मशीन धड असेल, तर नोकरी पक्की."

इकडे बाबांनी आपली अट घालून ठेवली होती. नोकरी लागली तर दोन वर्षं लग्नाचं नाव काढणार नाही. नाही लागली, तर अमरावतीच्या स्थळाला होकार. हे स्थळ मुलगी पाहायला आलं तेव्हा पोहे संपेपर्यंत एक शब्द बोललं नव्हतं आणि पोहे संपल्यावर आमच्याच दिवाणावर झोपी गेलं होतं. ते घोरणं नलिनीनं आतल्या खोलीतून ऐकलं होतं. त्यामुळे त्या कॉम्प्युटरला ती देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णासारखी जपत होती. खोलीबाहेर चपला, मशीनवर भरतकाम केलेलं झाकण, आणि घरातल्या सगळ्यांना, म्हणजे मला, सक्त ताकीद.

शुक्रवारी ती मामेबहिणीच्या साखरपुड्याला वर्ध्याला निघाली.

"दादा, मी रविवारी सकाळी येते. तू मशीनले हात लावू नको."

"मी काहून हात लावीन?"

"तुले बसवत नाही म्हणून."

हे खरं होतं. मला खरोखरच बसवत नाही. दोन मिनिटं हात रिकामे राहिले की बोटं वळवळायला लागतात आणि समोर जे असेल त्याचे स्क्रू दिसू लागतात. घरातलं गजराचं घड्याळ, रेडिओ आणि आईचं शिवणयंत्र या तिघांनीही माझ्यामुळे अकाली निवृत्ती घेतली होती. एरवी आरामशीनवर माझे हात गुंतलेले असत. पण नेमका शनिवारी मशीनचा पट्टा तुटला आणि मिस्त्री म्हणाला, आता सोमवारीच.

मी आडवा झालो. उठलो. कूलरमध्ये पाणी टाकलं. परत आडवा झालो. कूलरच्या वाळ्यातून येणारा थेंब मोजत बसलो, त्याचाही कंटाळा आला. मग माझ्या मनात एक उदात्त विचार आला. (माझे सगळे अपघात उदात्त विचारानं सुरू होतात.) उद्या ढोबळे सर येणार, मशीन धड आहे का ते बघणार, आणि आपल्या घरात तर भुसा! मी झाकण उचललं आणि कीबोर्डवरचं एक बटण नखानं जरासं वर केलं. ते टप्पकन निघून हातात आलं. खाली बघतो तर साक्षात आमची टाल!

मी हादरलो. बहिणीची नोकरी आणि अमरावतीचं घोरणं यांच्यामध्ये आता फक्त मीच उभा आहे, असं मला वाटलं. मी अक्षरांची सगळी बटणं उपसून परातीत काढली. बाकीच्या बटणांवर काय लिहिलंय तेच कळेना, म्हणून त्यांच्या वाटेला गेलो नाही.

परात बघून आई म्हणाली, "हे काय करून राहिला गा?"

"सफाई."

"कोरड्या फडक्यानं भुसा जाते काय? थांब, रिठ्याचं पाणी देते."

आईनं बटणं रिठ्याच्या पाण्यात चांगली घोळून काढली. मग आम्ही ती गच्चीवर, तिच्या सरगुंड्यांशेजारी, म्हणजे काडीवर वळलेल्या शेवयांशेजारी, जुन्या लुगड्यावर वाळत घातली. नागपूरच्या मे महिन्यात गच्चीवर काहीही अर्ध्या तासात वाळतं, माणूससुद्धा. वाळवण राखायला मी तिथेच बसलो, पण मला बसवत नसल्यामुळे मधेच पाणी प्यायला खाली गेलो. परत आलो तर एक खार तोंडात काहीतरी धरून कडुनिंबावर चढत होती. मोजून पाहिलं. सरगुंडे पूर्ण होते. झेड नव्हता.

बाबांना हे कळलं तेव्हा ते रागावले नाहीत. लाकडाचं काम निघालं की बाबा कधीच रागावत नसत. त्यांनी सागवानाचा एक तुकडा घेतला, पटाशीनं कोरला, कानशीनं घासला, आतून खाच पाडली, पॉलिश मारलं आणि वर तापलेल्या सुईनं झेड काढला. खरं सांगतो, सगळ्या बटणांत तो देखणा होता.

आता बटणं परत बसवायची. कोणतं कुठे होतं, हे मी पाहून ठेवलं नव्हतं. आईला आठवेना. तिच्या मते सगळी काळीच होती.

"त्यात आठवाचं काय आहे?" बाबा म्हणाले. "टालीत फळ्या कशा लावतो आपण?"

"नंबरवार."

"मंग?"

आमच्या टालीत हा एकच कायदा होता. फळी असो, खिळा असो की कामगारांच्या चहाचे कप असोत, सगळं नंबरवार. माझा जन्म त्या कायद्यात गेला. मी वरच्या ओळीत डावीकडून ए, बी, सी, डी लावायला घेतलं. दहा बटणं वरच्या ओळीत बसली, नऊ मधल्या, सात खालच्या, आणि शेवटचं भोक बरोबर झेडच्या वाट्याला आलं. एकही कमी नाही, एकही जास्त नाही. एवढा जुळलेला हिशेब चुकीचा कसा असेल? काही बटणं जरा मान वर करून बसली आणि काही कलली, पण ते मी धुण्यावर ढकललं.

मग मी मशीन चालू केली. (नलिनी कशी चालू करते, ते दारात उभं राहून पाठ केलं होतं.) पडद्यावर हिरवी अक्षरं आली. मी एका बोटानं माझं नाव टाइप केलं, रमेश. पडद्यावर उमटलं: के, क्यू, डी, टी, एल, आय.

मी पुन्हा टाइप केलं. पुन्हा तेच. आईचं नाव टाकलं, देवाचं टाकलं. कोणालाच मशीन ओळखेना.

"आतमधी पाणी गेलं असन," आई म्हणाली.

"आतमधी भुसा गेला असन," बाबा म्हणाले.

दोन्ही शक्यता भयंकर होत्या. मी मशीनच्या मोठ्या डब्याचं झाकण उघडलं आणि सायकलच्या पंपानं आत हवा मारली. जो भुसा निघाला तो माझ्या डोळ्यांत, बाबांच्या भुवयांत आणि थोडा परत मशीनमध्ये गेला. बाबांनी तेलाचा डबा आणला. "दोन थेंब टाकतो, मशीन म्हटली की तेल पाहिजेच." आईनं त्यांचा हात धरला म्हणून तेवढं वाचलं. संध्याकाळपर्यंत मी मशीनचा डबा कितीदा उघडला आणि कितीदा लावला, आणि प्रत्येक वेळी मी के, क्यू, डी, टी, एल, आय होतो. मला रडू येत होतं. नलिनीला काय सांगायचं, या विचारानं मी त्या रात्री जेवलोही नाही.

रविवारी वर्ध्याची गाडी उशिरा होती आणि ढोबळे सर वेळेवर होते. घामाघूम होऊन ते मशीनसमोर बसले. सर स्वतः एका बोटानं टाइप करत. पण आज त्यांचा चेहरा खुलला.

"अरे वा, आज अक्षरं पटापट सापडतायत," ते म्हणाले, आणि मग त्यांनी पडद्याकडे पाहिलं. त्यांनी नागपूर टाइप केलं होतं. पडद्यावर होतं: एफ, क्यू, यू, एच, एक्स, के.

सरांनी पुन्हा केलं. पुन्हा तेच नागपूर.

"आणि हे लाकडाचं काय आहे?"

"असली सागवान आहे साहेब," बाबा म्हणाले.

सर उठले. "मशीन खराब केली तुम्ही लोकांनी. मी ही आत्ताच घेऊन जातो. आणि तुमच्या मुलीला सांगा..."

काय सांगायचं, ते त्यांना बोलता आलं नाही. कारण तेवढ्यात नलिनी दारात उभी राहिली. हातात पिशवी, केसांत कालचा गजरा. सरांना पाहून तिनं चपला काढल्या, नमस्कार केला आणि कोणाला काही बोलू न देता थेट खुर्चीवर बसली. "घ्या सर परीक्षा."

मी डोळे मिटून घेतले.

सरांनी नाइलाजानं इंग्रजी पत्राची दोन वाक्यं सांगितली. नलिनीच्या टायपिंगच्या बाई हातांवर रुमाल टाकून टाइप करायला लावत, त्यामुळे खाली बघायची तिला सवयच नव्हती. मान ताठ, नजर पडद्यावर. बोटं क्षणभर अडखळली.

"बटणं अशी खडबडीत काहून लागून राहिली?" ती पुटपुटली, आणि मग धडाधड वाजवत सुटली.

मी एक डोळा उघडला. पडद्यावर पूर्ण पत्र होतं. एक चूक नव्हती.

सर वाकून बघत राहिले. मग त्यांनी तिला उठवलं, स्वतः बसले आणि एका बोटानं तेच पत्र सुरू केलं. कचरा उमटला. पुन्हा नलिनी बसली. पत्र उमटलं. सरांनी रुमालानं मान पुसली.

बाबा हळूच म्हणाले, "मशीन हात ओळखते साहेब. आमची आरामशीन बी एकाच मिस्त्रीचं ऐकते."

आता, कॉम्प्युटरचा क्लास काढणाऱ्या माणसानं 'मला कळत नाही' असं टालवाल्यासमोर कसं म्हणावं? सरांनी रुमाल खिशात ठेवला. मग घसा खाकरून म्हणाले, "हो, नवीन मशीन असतात थोड्या नाजूक. तुमची मुलगी हवीच आम्हाला. उद्यापासून येऊ द्या."

सर गेले. आईनं साखर आणली. नलिनी हसत हसत मशीनवर झाकण घालायला वाकली, आणि तेव्हा पहिल्यांदा तिनं खाली पाहिलं. सागवानी झेडवरून तिनं बोट फिरवलं.

"हे कोणं केलं?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. आईनंही माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, "नलू, मी आत्ता पहिल्यासारखं लावून देतो."

"हात लावू नको," ती म्हणाली. "राहू दे असंच."

ती मशीन तशीच क्लासात गेली. खाली बघून काही उपयोगच नाही म्हटल्यावर पोरं झक मारत न बघता टाइप करायला शिकली. लकडगंजच्या व्यापाऱ्यांची पोरं रांग लावू लागली. अमरावतीच्या स्थळाला बाबांनी स्वतःच नकार कळवला. मला एवढा अभिमान वाटला की टालीची पत्रं आपणच टाइप करावीत म्हणून मीही त्या क्लासात नाव घातलं आणि हट्टानं त्याच मशीनवर बसलो.

महिनाभरानं बाबांनी जेवताना नलिनीला विचारलं, "सगळे शिकले म्हणते तू. मंग रमेश काहून नाही शिकला वं?"

"तो अक्षर पाहून पाहून मारते, बाबा."

"पण एबीसीडी तं येते न त्याले?"

नलिनीनं वरणातला भुसा बाजूला केला.

"तेवढीच तं येते."