अर्ध्या देठाची मिरची

ती मिरची आजही आठवते. नुसती आठवली तरी शिंक येते, खोटं नाही सांगत.

आधी एक सांगून टाकते. निवृत्त पोलीस अधिकारी म्हटलं की लोक माझ्या डोक्यावर पांढरे केस शोधतात. नाहीयेत अजून. बंदोबस्तात गाडी उलटली, गुडघा कायमचा गेला आणि खात्याने मला तिशीतच घरी बसवलं. सलाम ठोकत नाही आता, टाइप करते. आणि सगळ्यात आधी टाइप करायची होती ती हीच केस.

माझं पोस्टिंग नंदुरबार तालुक्यात होतं. मी घाटावरची, अहिराणी कळायला सहा महिने गेले. तोवर हवालदार काका दुभाषी. काकांची नोकरी माझ्या वयाएवढी होती आणि ते मला 'मॅडम' अशा सुरात म्हणायचे की वाटायचं, आत्ता 'डबा खाल्ला का' विचारतील.

हिवाळ्याचे दिवस. पथारीवर, म्हणजे वाळवणाच्या उघड्या मैदानावर, लाल मिरची वाळत पडलेली. एका सकाळी ठाण्यात एक बाई वादळासारखी शिरली. मागे तिचा भाऊ, शेळी ओढून आणावी तसा. मी तिला आक्का म्हणेन, त्याला आप्पा.

आप्पांना मी ओळखत होते. महिन्यापूर्वी त्यांच्या बायकोने आत्महत्या केली होती आणि अकस्मात मृत्यूची चौकशी माझ्याकडेच होती. बाईंना मनाचं दुखणं, कित्येक वर्षांचं. आप्पा स्वतः दर तारखेला मोटारसायकलवर बसवून जिल्हा रुग्णालयात न्यायचे. चौकशीत कुणावर संशय नव्हता. पण गावाचं स्वतःचं वेगळं ठाणं असतं ना! तिथे मुद्दा एकच : आप्पा रडला नाही. प्रेतापाशी नाही, दहाव्याला नाही, तेराव्याला नाही. "बायको गेली आणि डोळ्याला पाणी नाही, म्हणजे काहीतरी आहे."

"ओ मॅडम!" आक्का गरजली. "मन्हा भाऊनं मिरचीनं पोतं चोरी गयं! घरमाईन! आन् चोर बी माहीत शे माले!"

"कोण?"

"शेजारना नाना! कालदिनपासून त्याना घरमाईन फोडनीना ठसका येस!"

मी काकांकडे बघितलं. काका छताकडे बघत होते.

तक्रार अर्ज घेतला. आक्का भावाला सांभाळायला आली होती. आल्या आल्या तिने स्वयंपाकघर ताब्यात घेतलं आणि ठरवलं की मिरचीचं पोतं गिरणीवर कुटून वर्षाचं तिखट करायचं. न्यायला गेली तर पोतं गायब. "कोठे शे?" विचारलं तर आप्पा म्हणाले, "चोरी गयं." एवढंच. आत्तासुद्धा एवढंच. अर्जावर सही करताना त्यांचा हात असा चालत होता, जणू मीच त्यांच्याकडून जमीन लिहून घेतेय.

नानांना बोलावलं. भला माणूस, पण ठाण्याचं तोंड पहिल्यांदाच बघत होता. "मॅडम, भाजीले फोडनी दिधी का ठसका येसच! आळनी भाजी खाऊ का मी?" मग एकदम आवाज खाली. "मन्ही पोरनी सुपारी शे पुढला आठवडाले. चोरीनं नाव लागनं ना, तर पाव्हना परत जातीन."

म्हणजे एका पोत्यापायी एका पोरीचा साखरपुडा मोडायची वेळ. मला तर चेवच चढला! शोध लावायचाच. काका म्हणाले, "मॅडम, आधी चहा. मिरची पळून जात नाही."

आणि खरंच, चहा संपायच्या आत खबर आली. आमचा खबरी फाट्यावरचा पानटपरीवाला. "चोर माहीत नही मॅडम, पन माल कोठे शे ते नाकले माहीत शे." तो शेताशेतातून येताना एका खोलीपाशी शिंका सुरू झाल्या, थांबेचनात. खोली कुणाची? आप्पांची.

पंच घेऊन गेलो. खोलीला धडधाकट कुलूप. पत्र्याच्या फटीतून बघितलं तर आत पोतं, त्याच्यावर धुवून घडी केलेली हिरवी साडी, आणि समोर बसायचा पाट. पाटाभोवती विड्यांची थोटकं. काका कुलूप हातात घेऊन निरखत होते. मी मात्र विचारलं, "चोर इथे बसून काय करत असेल?" काय हुशार मी!

आप्पांना बोलावलं, त्यांनी कुलूप उघडलं, पोतं ठाण्यात आणलं. आता मालाची ओळख पटवायची. आक्का, नाना, आप्पा, पंच, सगळे माझ्या खोलीत. खोली केवढी, तर टेबल आणि टेबलाची सावली मावेल एवढी. काकांनी पोत्याचं तोंड सोडून मिरची कागदावर ओतली. आणि एवढ्यात एका शिपायाने, मॅडमना उकडत असेल म्हणून, पंखा फुल केला.

हिवाळ्यात! पंखा! फुल!

पुढचं काय सांगू. लाल धुरळा उठला. काका शिंकत शिंकत भिंतीवर आपटले. पंच दाराकडे, नाना पंचांच्या अंगावर. आक्का पदर तोंडावर घेऊन "मेलू वं माय!" ओरडतेय. माझ्या डोळ्यांना धारा, नाकाला धारा, त्यात मी बटण शोधतेय आणि सगळी बटणं लागतात, पंखा सोडून! शेवटी तो बंद झाला. आम्ही सगळे व्हरांड्यात जाऊन रडतोय. तिथल्या टेबलापाशी एक माणूस पासपोर्टच्या चौकशीला आला होता, तो घाबरून उभाच राहिला.

मग लक्षात आलं, आप्पा बाहेर आलेच नाहीत.

ते आत जमिनीवर बसले होते. उडालेली एकेक मिरची वेचून कागदावर ठेवत होते. मी नाकाला रुमाल लावून उकिडवी बसले. गुडघा तेव्हा शाबूत होता.

"आप्पा, मिरची तुमचीच ना? कशावरून?"

त्यांनी एक मिरची माझ्यापुढे धरली. अर्धं देठ तसंच ठेवलेलं. "ती अशीच खुडे. पुरं देठ तोडं का बिया सांडतस, म्हने."

दारातून आक्का, पदराआडून, "कितला येळा सांगं मी तिले, पुरं तोड! ऐके का ती?"

काका आत आले. डोळे लाल, आवाज मात्र मऊ. "आप्पा, एक सांगा. चोराने कुलूप लावलं आणि किल्ली तुमच्या करदोट्याला बांधून गेला का?"

आप्पांनी कमरेवर हात ठेवला. किल्ली तिथेच होती. नाना पुढे झाले, एक मिरची उचलायला वाकले, आणि आप्पा पहिल्यांदा मोठ्याने बोलले.

"हात नका लाऊ! तिना हात लागेल शे त्याले. कुटी टाकं का संपी जाई."

आणि ते रडले. महिनाभर अडवलेलं सगळं एकदम. नाना त्यांच्या शेजारी बसले आणि स्वतःचे डोळे पुसत म्हणाले, "रड भाऊ, रड. आठे सगळाच रडी ऱ्हायनात. कोनले समजाव नही."

मी हसू का रडू, कळेना. डोळे तर आधीच वाहत होते.

नंतर व्हरांड्यात बसलो. आक्काने पाण्याचा तांब्या भावाच्या हातात दिला आणि बराच वेळ सोडला नाही. खोटी तक्रार वगैरे मी बोलायला घेतलं, तर काकांनी हळूच माझ्या बुटावर बूट ठेवला. मी वही मिटली.

आप्पाच बोलले. "दारवर जो येस तो एकच इचारस, कसं व्हयनं? मी काय सांगू? माले बी समजनं नही अजून. ती कशी व्हती, ते कोन्ही इचारत नही."

मग मला जे सुचलं ते मी विचारलं, जबाब घेतात त्या चालीवर. "सांगा. कशी होती?"

झालं! आधी आक्काच सुटली. बाजारात असा भाव पाडायची की दुकानदार पुढच्या आठवड्याला दुकान बंद ठेवायचा. आप्पा म्हणाले, "बंद नही, मांगे लपे!" भावा-बहिणीचं जुंपलं. नानांनी भर घातली की एकदा तिने त्यांचा बैल स्वतःच्या शेतातून कान धरून आणून दिला होता. "बैलना नही, तुन्हाच कान धरेल व्हता," आक्का म्हणाली. ठाण्यात तक्रार द्यायला आलेले लोक थांबून ऐकायला लागले.

हसता हसता आप्पा थांबले. "मॅडम, मन्हं काही चुकनं का?"

अशा वेळी आपण 'नशीब' म्हणतो ना, तोंडावर आलंच होतं. गिळलं.

"आप्पा, चौकशी मी केलीय. डॉक्टरांशी मी बोललेय. दुखणं होतं ते, आणि मोठं होतं. तुम्ही एक तारीख चुकवली नाही. तुमच्यामुळे झालं नाही." मग म्हटलं, "त्याच डॉक्टरांकडे आता तुम्ही पण जाऊन या. ज्याचं माणूस असं जातं ना, त्यालाही लागतं कुणीतरी."

"मी लई जासू याले," आक्का म्हणाली. "मोटारसायकल तो चालाडी. मी मांगे बठसू."

अर्ज मागे घेतला. साहेबांना सांगितलं, माल मिळाला, चोर नाही. साहेब शिंकले आणि म्हणाले, "फाईल बंद करा. खिडकी उघडा."

नानांच्या पोरीच्या सुपारीला मी गेले होते. रस्सा असा जळजळीत की पाव्हण्यांची नाकं लाल. आप्पा कोपऱ्यात बसले होते. आदल्या दिवशी त्यांनीच स्वतः पोतं सोडून दोन पायल्या मिरची नानांकडे नेऊन दिली होती. वराचा मामा पाणी पीत ओरडला, "अरे, मिरची कोनी शे ही?"

पंगतीतले हात जागच्या जागी थांबले. महिनाभर त्या बाईचं नाव गावात कुणी मोठ्याने घेतलं नव्हतं.

तेव्हापासून कुणाच्या दारावर, म्हणजे दुखवट्याला, बसायला गेले की 'कसं झालं' माझ्या तोंडून निघत नाही. 'कशी होती, कसा होता' एवढंच विचारते, आणि मग ऐकत बसते. पोलिसाला प्रश्न विचारायला शिकवतात, पण कुठला विचारायचा ते मी त्या पंगतीत शिकले.

कारण मामाच्या त्या प्रश्नावर आप्पा उठून उभे राहिले. डोळ्यांत पाणी, आणि ते मिरचीचं आहे असं त्यांनी अजिबात भासवलं नाही.

"मन्ही बायकोनी," ते म्हणाले. "अजून वाढू का?"