माईकवर आलेला श्वास

दुपारच्या वेळी बसस्थानक पेंगुळलेलं असतं. प्रवासी बॅगांवर डोकं टेकून बसतात, कंडक्टर तिकिटांची पेटी मांडीवर घेऊन जांभया देतात. त्या दिवशीही सगळं असंच चाललं होतं आणि अचानक कुठून तरी आवाज यायला लागला.

फुस्स. फुस्स. फुस्स.

फलाट चारवरच्या ड्रायव्हरने खिडकीतून मान बाहेर काढली. "ए, कुणाची हवा चाललीये रे?"

"तुझीच असणार," पलीकडच्या बसमधला म्हणाला.

"माझे टायर नवे आहेत. तुझं मागचं डावं बघ."

"माझं का म्हणून?"

दोघंही खाली उतरले. एकाने चाकाला लाथ मारून पाहिली. टायरवाला हातातली चहाची कपबशी तशीच ठेवून धावत आला आणि एकेका चाकाला कान लावत सुटला. "ही नाही. हीपण नाही. अरे, आवाज तर सगळीकडूनच येतोय!" प्रवासी भराभर उतरायला लागले. एक आजोबा नातवाला सांगत होते, "लांब हो, फुटेल बिटेल."

बाबांची औषधं घेऊन मी तिथेच बाकावर बसले होते. मी वर पाहिलं. आवाज चाकांतून येत नव्हता, खांबावरच्या स्पीकरमधून येत होता. फुस्स थांबलं, धाप लागल्यासारखं काहीतरी ऐकू आलं आणि मग अख्ख्या स्थानकाने माझ्या आत्याचा आवाज ऐकला.

"वितळ गं मेले, वितळ! चिकटून काय बसलीयेस? दादाला लिव्हरचा तुकडा द्यायचाय मला, आणि तू हलायला तयार नाहीस!"

आणि पुन्हा, फुस्स. फुस्स.

टायरवाल्याने चाकाला लावलेला कान काढला. कुणीच हसलं नाही. स्थानकप्रमुख साहेब केबिनमधून चप्पल न घालताच पळाले. "बाई! माईक! अहो बाई, माईक चालू आहे!"

माझी आत्या या स्थानकावर घोषणा करते. सगळे तिला माईकवाल्या बाई म्हणतात, आणि बाबा लहानपणापासून भोंगा. ती काचेच्या खोलीत बसते, समोर चौकशीची खिडकी, हाताशी माईक. माईक चालू असला की लाल दिवा लागतो. तो दिवा बरेच दिवस गेलेला होता, आणि बदलायला हवा, बदलायला हवा असं सगळेच म्हणत होते. दोन घोषणांच्या मधल्या रिकाम्या वेळेसाठी तिचा एक खण होता, त्यात बिस्किटं. बस उशिरा आली की बिस्किट, प्रवासी भांडला की बिस्किट. तिची गोलाई त्या खणातूनच आलेली, आणि तिला त्याचं काडीचंही वाईट वाटत नव्हतं. "माझा आवाज कुठून येतो असं वाटतं तुला? एवढं कोठार लागतंच," असं म्हणायची.

मग बाबांचं लिव्हर बिघडलं. बाबा याच स्थानकावरून बस चालवायचे. जुन्या काविळीने आतल्या आत पोखरलं होतं, आणि आता दुसऱ्या कुणाच्या लिव्हरचा तुकडा बसवण्यावाचून इलाज उरला नव्हता. आईला साखर आहे आणि माझा रक्तगट जुळत नाही. राहता राहिली आत्या.

"एवढी मोठी तर आहे मी, तुकडा निघायला काय अडचण?" असं म्हणत ती बाबांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. स्कॅन बघून त्या म्हणाल्या, "तुमच्या लिव्हरवर चरबी चढलीये. असा तुकडा मी काढणार नाही. त्याने तुमचाही जीव धोक्यात येईल आणि त्यांचाही. पण ही चरबी उतरू शकते. दोन महिने घ्या. त्याहून जास्त त्यांच्याकडे नाहीत."

आत्याने हे कामावर कुणालाही सांगितलं नव्हतं. लोकांनी कीव केलेली तिला सहन होत नाही. मोबाईलवर कुणाचा तरी व्हिडिओ पाहून ती दुपारचं जेवण झालं की खोलीत बसून कपालभाती करायची. तीच त्या दिवशी सगळ्या फलाटांना ऐकू आली.

मी खोलीत पोचले तेव्हा ती टेबलावर डोकं ठेवून बसली होती. "मला आता कुठल्या तरी बसमध्ये बसवून दे आणि लांब पाठव."

"कुठल्या बसमध्ये? सगळ्यांचे टायर तपासून व्हायचेत अजून."

"हसतेस काय गं कार्टे!"

एवढ्यात चौकशीच्या काचेवर टकटक झाली. शिट्टी गळ्यात, पायात खेळाचे बूट, अशा एक उंच बाई उभ्या होत्या. शाळेत खेळ शिकवतात, रोज इथूनच बस धरतात.

आत्याने सवयीने विचारलं, "कुठली गाडी?"

"गाडी नाही. कपालभाती जेवल्यावर करत नाहीत, एवढंच सांगायला आले."

आत्याने टेबलावरचा जेवणाचा डबा बाजूला सरकवला.

"आणि तुमचा आवाज घशातून येतोय. खांदे उडत असणार. उडतात ना?"

"उडतात," मी म्हणाले. आत्याने माझ्याकडे रागाने पाहिलं.

"धाप लागते? चक्कर?"

"थोडी गरगर होते. मला वाटलं चरबी निघायला लागली."

"छे हो! ती तुम्ही स्वतःला दमवताय म्हणून. आत येऊ का?"

खेळाच्या बाईंनी आपली गाडी सोडली, ती आत्यानेच मघाशी पुकारलेली. त्यांनी आत्याला खुर्चीच्या कडेवर ताठ बसवलं, तिचा हात तिच्या पोटावर ठेवला. "खांदे गेले सुट्टीवर. श्वास घ्यायची चिंता करू नका, तो आपला आपण आत येतो. फक्त पोट आत ओढा, नाकातून सोडा. हळू. मेणबत्ती विझवायची नाहीये."

फुस्.

"हं. आता हवा चाकातून गेल्यासारखी वाटत नाही. गरगरलं की थांबायचं. हे सकाळी, रिकाम्या पोटी. इथे खुर्चीत फक्त संथ श्वास. एका नाकपुडीने घ्या, दुसरीने सोडा, सोडताना जास्त वेळ लावा. आणि त्या खणात काय आहे?"

आत्याने खण गुडघ्याने बंद केला. "फाइली."

"फाइलींचा चुरा तुमच्या ओठाला लागलाय."

मी तोंड फिरवून हसले. खेळाच्या बाई मात्र गंभीर होत्या. "खण उघडायच्या आधी असे दहा श्वास सोडा. त्यानंतरही भूक असेल तर खरंच काहीतरी खा, पण बिस्किटं नकोत. आणि हे सगळं तुमच्या डॉक्टरांना विचारून करा. मी शिट्टी वाजवणारी बाई, मला लिव्हरमधलं काही कळत नाही."

डॉक्टरीणबाईंना विचारलं तेव्हा त्यांना हसू आलं. "खुशाल करा. तुमचं ब्लड प्रेशर चांगलं आहे. गंमत सांगू का? चरबी जळते ना, तिचा बराचसा भाग श्वासातूनच बाहेर पडतो."

आत्याचे डोळे चमकले. "बघ! मी म्हणत नव्हते?"

"थांबा, थांबा. म्हणून जोरजोरात श्वास सोडला तर जास्त जळते असं नाही. जाळायचं काम चालण्याचं आणि ताटाचं. श्वासाने मन थाऱ्यावर येईल, झोप लागेल, उगाचचं खाणं सुटेल. तेवढी मदत त्याची. ती काही लहान नाही."

त्या फजितीचा एक फायदा झाला. आता सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे लपवायचं काही उरलं नव्हतं. कँटीनवाला बिनसाखरेचा चहा काचेतून सरकवायचा आणि तिने तोंड वाकडं केलं की म्हणायचा, "माझ्याकडे बघू नका, टायरवाल्याची ऑर्डर आहे." दोन गाड्यांच्या मधे आत्या फलाटांच्या टोकापासून टोकापर्यंत चालायला लागली. ड्रायव्हर खिडकीतून ओरडायचे, "मार्ग मोकळा ठेवा! माईकवाल्या बाई सुटल्यात!" ती चालता चालता उत्तर द्यायची, "तुमच्या गाडीपेक्षा वेळेवर आहे मी."

घरी बाबांना मात्र हे पटत नव्हतं. डोळे पिवळे, पोट फुगलेलं, आवाज खोल गेलेला, तरी भांडायला तयार. "भोंग्या, तुझं काही कापून घेऊन मला जगायचं नाही. तुला काही झालं तर?"

"झालं तर झालं. तू गप्प बस."

"मी मोठा आहे."

"म्हणून तर लवकर बिघडलास. श्वास घे."

एका सकाळी बाबांना रक्ताची उलटी झाली आणि आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं. दुपारी मी आत्याला सांगायला गेले, तर आईचा फोन आधीच आला होता आणि ती खण उघडून बसली होती. तोंडात बिस्किट, दुसरं हातात, डोळ्यांत पाणी. तेवढ्यात गाडी आत आली. घोषणा करायलाच हवी. तिने माईक ओढला, आणि आवाजच फुटेना. बाहेर लोक स्पीकरकडे बघायला लागले.

तिने हातातलं बिस्किट टेबलावर ठेवलं. हात पोटावर गेला. खांदे खाली आले. एक श्वास गेला, लांब, मग दुसरा, मग आणखी काही. काचेपलीकडे टायरवाला उभा होता, आणि तोही नकळत तिच्याबरोबर श्वास सोडत होता.

मग ती बोलली. एवढा स्वच्छ, पोटातून आलेला आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता. मी नाटकात काम करते, आमचे सर ज्या आवाजासाठी आमच्या पाठी लागतात तोच हा. गाडी कुठली, फलाट कुठला, सगळं सांगून तिने बटण दाबून माईक बंद केला आणि दोनदा तपासला. उरलेली बिस्किटं तिने टायरवाल्याला दिली. "घ्या. पुन्हा मागितली तरी देऊ नका."

"मागितलीत तर मी चाकाखाली जातो," तो म्हणाला.

दुसऱ्या स्कॅनच्या दिवशी आई बाबांजवळ होती, म्हणून मी आत्याबरोबर गेले. बाकावर बसून तिने माझा हात एवढा आवळला की अंगठीचा वण उठला. समोर अर्धवट उघडं दार. आत डॉक्टरीणबाई पडद्याकडे बघत होत्या. किती वेळ बघत होत्या!

"आत या."

आम्ही आत गेलो. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"काय केलंत हो तुम्ही?"

आत्या पांढरी पडली. "काय झालं?"

"अहो, घाबरताय काय? लिव्हर साफ आहे. मागच्या वेळचं आणि हे, दोन वेगळ्या माणसांचं वाटावं इतका फरक. मी तारीख घेते."

आत्या खुर्चीत बसली. बसली म्हणजे कोसळलीच. आणि तिने श्वास सोडला. कपालभाती नाही, अनुलोम-विलोम नाही, कुठलंच नाव नसलेला, तळापासून वर आलेला श्वास. त्याच्यामागून हुंदका आला आणि हुंदक्यामागून हसू.

"तिला पाणी द्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मलापण," मी म्हणाले.

बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी छताकडे बघून हात जोडले. मग म्हणाले, "म्हणजे आता ही मला आयुष्यभर ऐकवणार."

ऑपरेशनचा दिवस लांबलचक होता. त्यातलं मला एवढंच नीट आठवतं, की संध्याकाळी डॉक्टरीणबाई टोपी काढत बाहेर आल्या आणि त्यांनी आधी मान हलवली, मग बोलल्या. दोघंही ठीक. आईने मला मिठी मारली, स्थानकावरून धावत आलेल्या टायरवाल्याने भिंतीला.

ऑपरेशननंतर रोग्याला छाती मोकळी राहावी म्हणून श्वासाचा व्यायाम करावा लागतो. प्लास्टिकचं छोटं यंत्र असतं, तीन गोट्यांचं. नळीतून श्वास आत ओढला की गोट्या वर चढतात. आत्याच्या तिन्ही गोट्या दुसऱ्याच दिवशी वर गेल्या. नर्सने विचारलं, "तुम्ही गाता का?" बाबांना मात्र जमेना. टाके दुखायचे. ते नळी तोंडात धरून रुसून बसायचे.

आत्याला हिंडायची परवानगी मिळाली तशी ती तोंडाला मास्क लावून, भिंतीला धरत बाबांच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. एक हात पोटाच्या पट्टीवर. घसा साफ केला.

"लक्ष द्या! लक्ष द्या! फलाट क्रमांक एकवर थांबलेला श्वास थोड्याच वेळात आत येत आहे. प्रवाशांनी खांदे खाली ठेवावेत."

"हसवू नकोस गं, टाके ओढतात," बाबा कळवळून म्हणाले.

"प्रवाशांनी हसू नये. नळी तोंडात धरावी."

बाबांनी नळी धरली. पहिली गोटी थरथरली आणि वर गेली. दुसरी जागेवरच उडाली, पडली, पुन्हा उठली.

"पोटातून, दादा. ओढ. ओढ. अजून थोडं."

दुसरीही वर चढली आणि तिथेच थांबली.

नर्स पळत आली. "अहो, तुमचा आवाज जिन्यापर्यंत ऐकू येतोय!"

बाबांनी नळी काढून सावकाश श्वास सोडला. त्यांच्या डोळ्यांतला पिवळेपणा ओसरला होता. "काय करणार," ते म्हणाले, "तिचा माईक बंदच होत नाही."

आणि नर्स दाराशी उभी असतानाच त्यांनी पुन्हा नळी तोंडात धरली.