मोदकपात्राच्या डाव्या हाताला

मला गाडी चालवायला मृणालिनीताईंनी शिकवलं. मला एकटीलाच नाही, डे मॉइनमधल्या निम्म्या मराठी बायकांना. लग्न होऊन आयोवात नवी मुलगी आली की ताई तिला बजावायच्या, नवऱ्याकडून शिकू नकोस, भांडणं होतात, शनिवारी माझ्याकडे ये. मग चर्चच्या रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये, बर्फावर मुद्दाम गाडी घसरवायला लावायच्या. मी रडले होते. त्यांनी रुमाल दिला आणि म्हणाल्या, पूस, आणि आता परत घसरव.

त्याच बाईने दोन वर्षांपूर्वी स्वतःच्या गाडीची किल्ली आणून माझ्या हातात ठेवली. ही तुझ्याकडे राहू दे संध्या, म्हणाल्या, घरात असली तर मी चालवीन. उभा जन्म हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मायक्रोस्कोपला डोळा लावून काढला, आणि सत्तरी उलटल्यावर डोळ्यांनीच दगा दिला. नजर जिथे लावावी नेमकं तिथेच धुकं, कडेकडेचं मात्र दिसतं. वाचता येत नाही, पाट्या दिसत नाहीत, समोरचा माणूस बोलेपर्यंत कोण ते कळत नाही. डॉक्टरांनी सांगितलं, हे आणखी फार वाढणार नाही, पण गेलेलं परतही येणार नाही.

अमेरिकेतल्या उपनगरात गाडी नसलेला माणूस म्हणजे पाय नसलेला माणूस. ताईंच्या यजमानांना, गिरीशभाऊंना जाऊन पाच वर्षं झाली होती. दूध संपलं तरी ताईंनी कुणाला तरी फोन करायचा. दर शुक्रवारी मी त्यांना दुकानात न्यायचे. मी पोचायच्या आधीपासून त्या कोट घालून दारात उभ्या, हातात माझ्यासाठी लाडवांचा डबा. त्या डब्याचा मला भयंकर राग यायचा. मी काय टॅक्सी आहे का, असं एकदा बोलूनही दाखवलं. त्या म्हणाल्या, तू खुशाल रागाव, पण डबा घे. मागणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं, त्याला त्या तरी काय करणार आणि मी तरी काय करणार.

मग एक दिवस त्या चक्कर मारायला म्हणून बाहेर पडल्या आणि परत येताना शेजारच्या गल्लीतल्या परक्याच्या दाराला आपली किल्ली लावत बसल्या. त्यांचा दोष नाही. सगळी घरं एकाच साच्यातली, रस्ते जिलबीसारखे, मीसुद्धा तिथे दोनदा वाट चुकले आहे. पण ही बातमी दूर दुसऱ्या राज्यात, ट्रॉयला त्यांच्या मुलाच्या, अनिशच्या कानावर गेली आणि त्याने ठरवून टाकलं, आई आता आमच्याकडे. खालची खोली तयार, सुनेने, ऋताने पडदेसुद्धा शिवून घेतले. मुलगा वाईट असता तर भांडता तरी आलं असतं. ताईंना एवढंच दिसत होतं की तिथेही रस्ते जिलबीचेच, तिथेही त्या कोट घालून दारात उभ्या राहणार, फक्त वाट माझ्याऐवजी ऋताची बघणार.

एप्रिलमध्ये त्यांनी आम्हाला कुणालाही न विचारता घर विकलं आणि थेट डाउनटाउनमध्ये नवव्या मजल्यावर फ्लॅट भाड्याने घेतला. जुनी विटांची ऑफिसची इमारत, आता आत लोक राहतात. मी तावातावाने गेले. नीट दिसत नाही आणि भर गर्दीच्या रस्त्यांवर राहायला निघालात, अक्कल गहाण टाकलीत का, असं मी त्यांना, वयाने एवढ्या मोठ्या बाईला, म्हणाले. त्यांनी मला हाताला धरून खिडकीशी नेलं.

आमच्या गावाच्या उंच इमारती म्हणजे अगदी मोजक्या. जर्सी सिटीहून आलेले पाहुणे त्यांच्याकडे बघून गालातल्या गालात हसतात. पण एकीसारखी दुसरी नाही. ताईंनी एकेकीकडे बोट दाखवलं. ती सगळ्यांत उंच, डोक्यावर निमुळतं टोपण असलेली, ते मोदकपात्र. तो गंजक्या रंगाचा चौकोनी ठोकळा, तो चहाचा डबा. आणि लांब पूर्वेला सोनेरी घुमट, तो कळस. पाट्या मला दिसत नाहीत संध्या, त्या म्हणाल्या, पण एवढं मोठं असलं की दिसतं. मोदकपात्र डाव्या हाताला ठेवून चालत राहिलं की आपलं दार येतं. रस्ता ओलांडायचा तर सिग्नल पीं पीं करून सांगतो. मला पटलं.

अनिशला हे फोनवर पटेना. तो थँक्सगिव्हिंगला आला तो गाडीत रिकामे खोके घेऊनच. ऋता पोरांना घेऊन माहेरी गेली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिथे होते, आणि माय-लेकांचं ऐकून माझं डोकं दुखायला लागलं. शेवटी ताईंनीच तोडगा काढला. त्या एकट्या दुकानात जाणार, कोथिंबीर घेऊन एकट्या परत येणार. जमलं तर खोके रिकामे परत जातील. नाही जमलं, किंवा कोथिंबिरीऐवजी तशीच दिसणारी पार्सली आणली, तर त्या स्वतः खोके भरायला बसतील. अनिश कबूल झाला. ताई कोट घालून निघाल्या, आणि दार लागतं न लागतं तोच तो म्हणाला, मी जरा गाडी हलवून येतो, मावशी.

गाडी कसली हलवतोय, मला काय कळत नव्हतं? पण मी अडवलं नाही. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं.

मी चहाचं आधण ठेवलं, उतरवलं, पुन्हा ठेवलं. नोव्हेंबरातला दिवस, उन्हं लवकर उतरली. खाली माणसं मुंग्यांएवढी, त्यात ताईंचा जांभळा कोट कुठला ओळखू येणार. मनात नको नको ते यायला लागलं. त्या खोके भरताहेत आणि मी चिकटपट्टी कापून देते आहे, इथपर्यंत माझी मजल गेली. तेवढ्यात दारात किल्ली फिरली.

ताईंचं नाक लाल झालं होतं. त्यांनी जुडी माझ्या नाकाशी धरली. कोथिंबीर. दुकानात चार जुड्या हुंगल्या म्हणे, कुणी बघत असेल तर बघू दे. मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही. त्यांनी कोट काढला, इकडे तिकडे कान दिला आणि विचारलं, अनिश कुठाय?

मी सांगितलं.  आम्ही चहा घेतला. मग अंधारून यायला लागलं आणि त्यांचा फोन वाजला. त्यांनी तो स्पीकरवर टाकला.

झालं होतं असं. आई वळून बघेल म्हणून साहेब तिच्या मागून न जाता वरून गेले. आमच्याकडे थंडीसाठी इमारती-इमारतींना जोडणारे काचेचे बंद पूल आहेत, दुसऱ्या मजल्यावरून गावभर फिरता येतं. त्यातून खाली बघत तो चालला, आई एका कोपऱ्यावर दिसेनाशी झाली, तिला शोधत तो एका इमारतीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत गेला. सुट्टीमुळे त्या पुलांवरची दुकानं बंद, विचारायला माणूस नाही. फोनवरचा नकाशा त्याला रस्त्याच्या मधोमध उभा दाखवत होता. पण त्याने फोन केला होता तो स्वतःसाठी नव्हे. 

"आई, आय लॉस्ट यू. तू कुठे आहेस? आर यू ओके?"

"मी घरी आहे. चहा पिते आहे," ताई म्हणाल्या. "तू कुठे आहेस?"

पलीकडे चालण्याचा आवाज थांबला. मग तो म्हणाला, "आय डोन्ट नो."

मला हसू फुटलं. ताईंनी हाताने मला गप्प केलं. गाडी शिकवताना असायचा तोच आवाज त्यांनी काढला. घाबरू नकोस म्हणाल्या, काचेशी जा, वर बघ. काय दिसतंय? तो म्हणाला, काहीतरी मोठं ब्राउन आहे. तो चहाचा डबा, ताई म्हणाल्या, आता त्याच्याकडे पाठ कर. समोर टोपण दिसतंय, दिवे लावलेलं? ते डाव्या हाताला ठेव, जिना दिसला की खाली उतर आणि चालत राहा. फोन बंद करू नकोस.

तो धापा टाकत सांगत होता, त्या हं, हं म्हणत होत्या. थोड्या वेळाने तोच हसायला लागला. दार उघडलं तेव्हा तो दारातच वाकून त्यांच्या गळ्यात पडला, एवढा उंच पोरगा. त्यांनी त्याच्या पाठीवर थोपटलं आणि म्हणाल्या, कोट घातला नाहीस ना. रात्री आम्ही त्या कोथिंबिरीच्या वड्या केल्या आणि अनिशने एकट्याने ताटभर खाल्ल्या. सकाळी तो खोके न उघडताच ट्रॉयला परत गेला.

पुढच्या शुक्रवारी सकाळी मी सवयीने कोट चढवला, आणि आता कुठे जायचं नाही हे आठवून पुन्हा काढला. तेवढ्यात ताईंचा फोन आला.

"मी खाली दुकानात चाललेय, संध्या," त्या म्हणाल्या. "तुला काही आणू का?"

इतक्या वर्षांत हे त्यांनी मला पहिल्यांदा विचारलं. मी राहते तिथून त्यांचं दुकान गाडीने अर्धा तास लांब, आणि माझ्या फ्रिजमध्ये भली मोठी ताजी जुडी होती.

मी म्हटलं, "कोथिंबीर आणा."