बनुबाईंची दुसरी तपासणी

आटपाडीच्या बाजारात कुजबुज होती की अख्तरबी बांगडीवालीनं बनुबाईंवर करणी केली. पुरावाही होता म्हणे! सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी शहाणी ठरवलेली म्हातारी, अख्तरबीनं हट्टानं पुन्हा तपासायला नेली, ती येडीच निघाली. ही बातमी मीही दोन-चार घरी पोचवली. चहा बरा मिळायचा.

बनुबाईंचं माहेर विजापूरकडचं. वय वाढलं तशी सासरची मराठी गळून गेली, उरली ती माहेरची कानडी. नवरा लालासाहेब, फौजेतले रिटायर सुभेदार. साऱ्या हिंदुस्थानात फिरले, पण बायकोची भाषा शिकायला सवड झाली नाही. म्हणून दुभाषी अख्तरबी. सीमेकडचे बाजार करून तिची कानडी पक्की झालेली. तिचा एक नेमही होता: बांगड्या भरताना बाई जे बोलेल, ते तिच्या मालकापुढं काढायचं नाही.

पहिल्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आज वार कोणता?"

बनुबाई कानडीत म्हणाल्या, "उद्या माझं लगीन, आन् वार मला इचारता?"

"सोमवार म्हंत्यात," अख्तरबीनं सांगितलं.

"शंभरातून सात गेले, किती राहिले?"

"तूच सांग की गं, बाजार तू करतीस," बनुबाई कानडीत अख्तरबीला म्हणाल्या.

"त्र्याण्णव," अख्तरबीनं डॉक्टरीणबाईंना सांगितलं.

लालासाहेब खूश. "लय तल्लख हाय! असली पोरं पलटणीत पायजे हुती."

डॉक्टरीणबाईंनी कागदावर 'स्मरणशक्ती उत्तम' लिहिलं आणि औषधाविना घरी धाडलं.

पंधरवड्यात बनुबाई शालू नेसून माहेरी निघाल्या, त्या कालव्याच्या कडेला सापडल्या, एक पाय पाण्यात. ऐकलं तशी अख्तरबी सुभेदारांच्या दारात.

"आवं सुभेदार, सांगलीला परत चला."

"कशाला? पास झालीया की ती!"

"चला म्हन्ते न्हवं."

या खेपेला तेच प्रश्न आले. अख्तरबीनं शब्दाला शब्द सांगितला. लालासाहेब लाल होत गेले. शेवटी डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याकडंच बोट केलं, "हे कोण?"

बनुबाईंनी निरखून बघितलं. काहीतरी पुटपुटल्या. अख्तरबीनं लालासाहेबांकडं बघितलं.

"सांगा की," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"कोन हाय ते ठावं न्हाई म्हंत्यात. पर बसू द्या, मानूस बरा हाय."

लालासाहेबांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. त्या दिवशी औषध सुरू झालं आणि घरी गेल्यावर दाराला बनुबाईंचा हात पुरणार नाही अशी वर कडी बसली.

करणीबिरणी काही नव्हती. पहिल्या तपासणीतली उत्तरं, मालक समोर बसलेला म्हणून, अख्तरबीनं नेमापायी पदरची दिली होती.